उत्तरेकडचा पाव्हणा

कॅनडातल्या वॉन शहरात एका बेसमेंटमध्ये आम्ही दोघी राहत होतो, पण घरात सगळ्यात जास्त बोलणं व्हायचं ते एका बादशहाबद्दल. तो खरा नव्हता. एका कॉम्प्युटर गेममध्ये आमच्या राज्याच्या उत्तरेला त्याचं राज्य होतं, आणि त्याला चालवणारं माणूस कुणी नव्हतं, गेमच त्याला चालवत होता. मी त्याला बादशहा म्हणायची. माझी रूममेट कोल्हापूरची, ती त्याला पाव्हणा म्हणायची.

तिची माझी ओळख कॉलेजच्या पहिल्या आठवड्यातली. मी अमरावतीहून आलेली, कॉम्प्युटरवाली. तिने कोल्हापुरात इतिहास घेऊन बीए केलं होतं आणि इथे सप्लाय चेनचा डिप्लोमा करायला आली होती. ती बोलताना "मी जातो, मी आलो" म्हणायची, तिकडच्या मुली म्हणतात तसं, आणि मला पहिल्यांदा वाटलं होतं की ही गंमत करतेय. मी "का"ऐवजी "काऊन" म्हटलं की ती हसायची. दोघींना एकमेकींचं मराठी अर्धं परकं वाटायचं, आणि तरी सगळ्या कॉलेजात आम्हाला घरच्यासारखं वाटायचं ते एकमेकींशी बोलतानाच.

कॉलेज संपल्यावर दोघींना वर्क परमिट मिळालं. मला एका छोट्या ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम लागलं, सकाळी जायचं आणि संध्याकाळी यायचं. तिला तिच्या शिक्षणातलं काम मिळेना, म्हणून ती जवळच्या वेअरहाऊसमध्ये लागली. तिची शिफ्ट दुपारनंतरची. मी घरी येईपर्यंत ती गेलेली असायची, आणि ती परत यायची तेव्हा मी झोपलेली असायची. एका घरात राहून आम्ही भेटायचो फक्त रविवारी. बाकी दिवस तिने झाकून ठेवलेली भाजी मी खायची, आणि मी करून ठेवलेल्या पोळ्या ती न्यायची.

गेम तिचा होता, लॅपटॉपही तिचाच. इतिहासाचं वेड म्हणून तिने तो घेतला होता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तो लॅपटॉप कायम उघडा असायचा. एका संध्याकाळी मी सहज बसले, तिने जिथे सोडलं होतं तिथून दोन-चार चाली खेळले आणि सेव्ह करून ठेवलं. दुसऱ्या दिवशी तिचा व्हॉइस मेसेज आला. नदीकाठी धान्याचं कोठार कुणी बांधलं, चांगलं केलंस, असं काहीतरी. तेव्हापासून ते राज्य दोघींचं झालं. दिवसा तिने चालवायचं, संध्याकाळी मी.

खेळ तसा संथ होता. आपण एक शहर वसवायचं, मग शेती, रस्ते, तटबंदी, मग दुसरं शहर. आपली चाल संपली की शेजारची राज्यं आपापली चाल करायची. अधूनमधून शेजारचा राजा स्वतः पडद्यावर यायचा, काहीतरी मागायचा किंवा द्यायचा. आमचा बादशहा हिरवा अंगरखा घालून हात मागे बांधून उभा राहायचा. त्याच्या चेहऱ्याखाली एक शब्द दिसायचा, तो खूश आहे, सावध आहे की नाराज आहे ते सांगणारा. आपण उत्तर द्यायचं, नाहीतर कोपऱ्यातली फुली दाबून ती खिडकी बंद करायची.

पहिल्या हिवाळ्यात त्याने आमच्यावर चढाई केली. आदल्याच चालीला चेहऱ्याखाली "खूश" लिहिलेलं होतं. नदीच्या मुखाशी आमचं एक शहर होतं, तिने त्याला तिच्या गल्लीचं नाव दिलं होतं. ते त्याने घेतलं. हे घडलं ते माझ्या संध्याकाळी. मी तिला मेसेज केला, तेव्हा ती वेअरहाऊसच्या ब्रेकरूममध्ये डबा खात होती. तिने फक्त विचारलं, "गल्ली गेली?" मी हो म्हटलं. मला खरोखर कुणाच्या तरी घरची वाईट बातमी दिल्यासारखं वाटलं.

मग मी ठरवलं की हा बादशहा समजून घ्यायचाच. माझं कामच ते होतं. ऑफिसात दिवसभर मी हेच करायची, एखादी गोष्ट अशी का वागते ते शोधायचं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते बघायचं. आधी मला वाटलं, आपलं सैन्य कमी आहे म्हणून तो चढाई करतो. सीमेवर घोडदळ वाढवलं. तो काही दिवस शांत राहिला, मग पुन्हा नाराज. मग वाटलं, आपली शहरं त्याच्या फार जवळ आहेत. नंतर वाटलं, पूर्वेच्या राणीशी आपण व्यापार करतो ते त्याला खुपतं. इंटरनेटवर हा गेम खेळणाऱ्यांच्या गप्पा वाचल्या, तर तिथे प्रत्येकाचं मत वेगळं. कुणी म्हणे तो विश्वासघातकीच आहे, कुणी म्हणे त्याला मंदिरं बांधलेली आवडतात.

त्यात एक गोष्ट मला अजिबात उलगडत नव्हती. माझ्या या प्रयोगांनी तो संध्याकाळी नाराज व्हायचा, मी त्याला तसाच सोडून झोपायला जायची आणि दुसऱ्या संध्याकाळी लॅपटॉपपाशी बसले की तो "सावध"वर आलेला असायचा, कधीकधी "खूश"सुद्धा. सैन्य तेवढंच, सीमा तीच. मी तिला मेसेज करून विचारलं, दिवसा तू काय करतेस? ती म्हणाली, काही नाही, नेहमीचंच.

एका रविवारी मी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं, तू खेळ, मी नुसती बघते. बाहेर बर्फ साचला होता. घरमालक ड्राइव्हवे शोव्हल करत होते, त्यांचं फावडं आमच्या खिडकीच्या वरून खरखरत जात होतं. ती मांडीवर चहाचा कप घेऊन खेळत होती, फारशी हुशारीने नाही. सैन्य कुठेतरी विसरायची, रस्ते अर्धे ठेवायची. तेवढ्यात बादशहा आला. त्याला थोडं मीठ हवं होतं आणि बदल्यात तो जवळजवळ काहीच देणार नव्हता.

माझा हात सवयीने माऊसकडे गेला. मी त्याच्या असल्या मागण्या कधी वाचतही नसे. तो आला की मी फुली दाबायची.

तिने माझा हात बाजूला केला. "थांब की. काय म्हणतोय ते ऐकून तर घेऊया."

तिने त्याचं सगळं बोलणं वाचलं आणि मीठ नाकारलं. तो गेला. थोड्या वेळाने पुन्हा आला, या वेळी घोडे मागायला. तिने पुन्हा सगळं वाचलं, या खेपेला होकार दिला. मी विचारलं, "तू प्रत्येक वेळी उत्तर देतेस?"

"मग? दारात आलेल्याला काय, न बोलता दार लावायचं? नको तर नको म्हणायचं. पण बोलायचं."

मला एकदम सुचलं. मी म्हटलं, आत्ता आहे तिथे सेव्ह कर. ती सबंध दुपार आम्ही तेच केलं. एकाच ठिकाणाहून पुन्हा पुन्हा सुरू करायचं. एकदा त्याच्या सगळ्या मागण्या मान्य करायच्या, एकदा सगळ्या नाकारायच्या, आणि एकदा उत्तरच न देता खिडकी बंद करायची. मागण्या मान्य केल्या की तो खूश राहायचा, यात नवल नव्हतं. नाकारल्या की चेहऱ्याखालचा शब्द बदलायचा, पण थोड्या चालींनी पूर्ववत व्हायचा. खिडकी बंद केली की चेहऱ्यावर काहीच दिसायचं नाही. शब्द तोच, खूश तर खूश. आणि काही वेळा असं झालं की एके दिवशी त्याचं सैन्य सरळ नदी ओलांडून यायचं.

म्हणून ते आजवर माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी त्याच्या चेहऱ्याखालचा शब्द बघत होते, आणि ज्या गोष्टीने तो खरा बिथरत होता ती त्या शब्दात धरलेलीच नव्हती. मी संध्याकाळी जे बिघडवायची, ते ती नकळत दिवसा सावरत होती. एक-दोन मोठ्या चढाया केवळ तिच्या सवयीमुळे टळल्या असणार.

तिला या शोधाचं माझ्याएवढं अप्रूप वाटलं नाही. ती म्हणाली, एवढं शोधायला दुपार कशाला घालवलीस, मला विचारायचं होतंस. पण ती खूश होती. त्या दिवशी आम्ही ग्रोसरीला एकत्र गेलो, येताना बसची वाट बघत थंडीत उभ्या होतो, आणि ती बादशहाच्या आवाजात मीठ मागत होती. मी इतकी हसले की गॉगल लावलेल्या एका आजोबांनी वळून पाहिलं. त्या बेसमेंटमधल्या दिवसांतलं काय आठवतं असं कुणी विचारलं, तर मला अजूनही तो बसस्टॉपच आठवतो.

त्यानंतरचं वर्ष आमच्या राज्यासाठी भरभराटीचं होतं. बादशहा आमचा मित्र झाला. नदीच्या मुखाशी आम्ही नवं शहर वसवलं. त्याचं नाव मी ठेवलं, अमरावतीच्या आमच्या गल्लीचं.

बाहेरचं चित्र तसं नव्हतं. पीआरसाठी, म्हणजे तिथे कायमचं राहण्याच्या परवान्यासाठी, जे गुण लागतात त्यात माझं ऑफिसचं काम धरलं जात होतं, तिचं वेअरहाऊसचं नाही. लागणाऱ्या गुणांची पातळी वर सरकत राहिली. तिने फ्रेंच शिकायला घेतलं, पण शिफ्टनंतर डोळे उघडे राहायचे नाहीत. या विषयावर ती माझ्याशी बोलायची नाही. मी काढला तर म्हणायची, बघू.

ती जायचं ठरवतेय हे मला कळलं ते गेममधून. एका आठवड्यात रोज संध्याकाळी मी लॅपटॉपपाशी बसायची तेव्हा राज्यातला काळ बराच पुढे सरकलेला असायचा, पण नवीन काहीही झालेलं नसायचं. एकही रस्ता नाही, एकही शेत नाही. बादशहा येऊन गेल्याच्या खुणा होत्या, त्याला तिने उत्तरं दिली होती. बाकी ती नुसती चाल संपवण्याचं बटण दाबत बसली होती. सकाळची, एकटी, त्या टेबलाशी.

रविवारी मी विचारलं. ती लसूण सोलत होती.

"परमिट संपतंय," ती म्हणाली. "जातो मी."

"वाढवता येईल. वकिलाला विचारू."

"विचारलं. सगळं विचारून झालंय." मग सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकत म्हणाली, "घरी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, ये. एवढंच म्हणाले, ये."

मी तिच्या हातातली सुरी घेतली आणि उरलेला लसूण सोलू लागले.

मे महिन्यात ती गेली. विमानतळावर तिच्या पाठीवर तो लॅपटॉप होता. घरी परतल्यावर टेबलाची ती जागा इतकी मोकळी दिसली की मी तिथे फळांची टोपली ठेवली.

गेम मात्र थांबला नाही. मी माझ्या लॅपटॉपवर तोच गेम घेतला आणि ती मला सेव्ह केलेली फाइल पाठवू लागली. आमचं वेळापत्रक फारसं बदललंच नाही, याचं मला तेव्हा फार नवल वाटलं. आधी एक कामावर असताना दुसरी खेळायची, आता एक झोपलेली असताना. नंतर मला बर्नाबीत मोठी नोकरी मिळाली आणि मी देशाच्या दुसऱ्या, पश्चिमेच्या टोकाला आले, तेव्हा तर तिचा दिवस आणि माझी रात्र अगदी समोरासमोर आली. सकाळी उठून फोन बघितला की तिची फाइल आलेली असायची. सोबत एखादी ओळ. पाव्हण्याला तांबं हवंय, दिलं. पाव्हण्याच्या गावात दुष्काळ आहे, धान्य धाडलं. तिला कोल्हापुरात अजून नोकरी नव्हती, ती घरी काय करते, लोक काय बोलतात, हे त्या ओळींत कधी यायचं नाही. मीही विचारत नसे. मला वाटायचं, फाइल येतेय म्हणजे ठीक असेल.

मग त्या गेमचं अपडेट आलं. कंपनीने सगळ्या राजांचे स्वभाव नव्याने बसवले होते, खेळ अधिक कठीण व्हावा म्हणून. आम्हाला हे ठाऊक नव्हतं. नेहमीसारखी तिने त्याला उत्तरं दिली, त्याची मागणी मान्य केली, आणि त्याच चालीला त्याने आमचं नदीच्या मुखाचं शहर जाळलं. तेच हिरवं वस्त्र, तसेच हात मागे बांधलेले, पण बोलणं वेगळं.

मी उत्साहाने लिहिलं की पुन्हा शोधून काढू, मी या शनिवारी बसते, एकेक गोष्ट बदलून बघते. तिचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. व्हॉइस मेसेज होता, मागे कुठेतरी कुकरची शिट्टी होत होती.

"असू दे आता. हा आपला पाव्हणा न्हाई."

तिने त्यानंतर फाइल पाठवली नाही. मीही थोडे दिवस थांबून पाहिलं आणि विचारलं नाही. मग आमचे मेसेज दिवाळीला आणि वाढदिवसाला येऊ लागले.

बर्नाबीत माझं बरं चाललं होतं. ऑफिस टेकडीच्या पायथ्याशी, कॉन्डोच्या खिडकीतून पाऊस आणि देवदार दिसायचे. ऑफिसात पुण्याचे, नागपूरचे लोक होते, शुक्रवारी जेवायला बाहेर जाणं व्हायचं. पण संध्याकाळी घरी आल्यावर मला वाटायचं की कुणीतरी आधी इथे येऊन गेलेलं असावं. झाकलेलं काही असावं, टेबलावर अर्धवट सोडलेलं काही असावं. असं कुणाला सांगता येत नाही. घरी फोनवर सांगितलं तर आई लग्नाचा विषय काढायची.

एकदा कुठेतरी वाचलं की गेमची जुनी आवृत्ती परत बसवता येते. मी तसं केलं आणि आमची जुनी फाइल उघडली, अपडेटच्या आधीची. बादशहा आला. हात मागे बांधून, मीठ मागायला. मी सगळं वाचलं आणि होकार दिला. तो खूश होऊन गेला. पुन्हा आला, मी पुन्हा उत्तर दिलं. तो जुनाच होता, मला पूर्ण समजलेला. तो आता काय करेल ते मला प्रत्येक वेळी आधीच कळत होतं. राज्यात तिने बांधलेले अर्धे रस्ते होते, ते मी पूर्ण केले. मग मला ते आवडेना. मी फाइल सेव्ह न करता बंद केली, म्हणजे रस्ते पुन्हा अर्धेच राहिले.

पीआर कार्ड आलं त्या हिवाळ्यात मी घरी गेले. अमरावतीत आठवडाभर राहून मी आईला म्हटलं की कोल्हापूरला जाऊन येते. आई म्हणाली एवढ्या लांब कशाला, पण बाबांनी तिकीट काढून दिलं.

ती मला स्टँडवर घ्यायला आली होती, स्कूटीवरून. थोडी जाड झाली होती, केस कापले होते. एका कारखान्यात तिला मालाच्या नियोजनाचं काम मिळालं होतं, म्हणजे ज्यासाठी ती कॅनडात शिकली तेच. हे तिने मला मेसेजवर कधी कळवलं नव्हतं. मी तसं म्हटलं तर म्हणाली, तू विचारलं नाहीस, आणि मलाही सांगवेना. पहिले काही महिने लोक विचारायचे की परत का आलीस, तेव्हा तिला कुणाशीच बोलावंसं वाटत नव्हतं. "तू तिकडची. तुझ्याशी बोललं की सगळं परत वर यायचं. म्हणून नुसती फाइल पाठवायचो."

तिच्या आईने जेवायला वाढलं, तिचे बाबा बोलके होते, त्यांनी बर्फाबद्दल खूप विचारलं. ती मधे मधे उत्तरं देत होती, मी द्यायच्या आधीच. नळातलं पाणी गोठतं का, लोक घरात बूट घालतात का. तिच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. मला मात्र सारखं वाटत होतं की आत्ता ती म्हणेल, मी पुन्हा अप्लाय करतो. मी त्याची वाट बघत होते, हे मला त्या ताटावर बसल्यावर कळलं. इतकी वर्षं मी मनात जी जागा मोकळी ठेवली होती ती तिच्यासाठीच होती.

संध्याकाळी आम्ही रंकाळ्यावर फिरायला गेलो. कट्ट्यावर बसल्यावर मी शेवटी विचारलं, येणार नाहीस का परत?

ती पाण्याकडे बघत म्हणाली, "नाही गं. आता इथं जमलंय माझं. तुला वाईट वाटलं तर वाटू दे, पण खरं सांगतो." मग माझ्याकडे वळून, "तुझी आठवण मात्र फार येते. कामावरनं आलो की वाटतं, आता तू ऑफिसला निघाली असशील."

तिने माझा हात हातात घेतला आणि तसाच ठेवला. बाजूला मुलं भेळ खात होती. सूर्य बुडत आला होता. तिने घड्याळात पाहिलं, मनाशी काहीतरी हिशेब केला आणि म्हणाली, "तिथं आता उजाडायला लागलं असेल."

वॉनमध्ये उजाडायला लागलं होतं. बर्नाबीत, मी आता राहते तिथे, अजून काळोख होता, अजून बराच वेळ असणार होता. मी हो म्हटलं.